इशाऱ्याची दोरी

बद्रीनाथ मिस्तरी एकदा गुलमंडीवरून घरी आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. रिक्षातून उतरले, रिक्षावाल्याला पैसे दिले, चार पावलं चालले. ओट्यावर बसलेल्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "आवं, दुसरी कुठंय?"

मिस्तरींनी खाली पाहिलं. अनवाणी पाऊल काळं झालेलं, अंगठ्याच्या बाजूला काच घुसलेली, रक्त कधीच वाळलेलं.

"आसंल कुठंतरी," ते म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

पुंडलिकनगरातली आमची गल्ली त्या दिवशी खूप हसली. मिस्तरी विसरभोळे झाले, असं ठरलं. द्वारकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी सुईनं काच उकरून काढली. त्या उकरत होत्या तेव्हा मिस्तरी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. एकादशी, संकष्टी, लाल रंगातल्या सुट्ट्या. पाय जसा काही शेजाऱ्यांनी ठेवायला दिला होता.

पुढचं बरंचसं मला द्वारकाबाईंनीच सांगितलं. कधी ओट्यावर, कधी दळणाचा डबा घेऊन चक्कीकडे जाताना.

मिस्तरी मूळचे विहिरीच्या क्रेनवाले. विहीर खोदताना खाली माणसं उतरतात, सुरुंगानं फुटलेला दगड लोखंडी डोलात भरतात, आणि वरचा माणूस क्रेनच्या ब्रेकवर बसून तो डोल ओढून घेतो. खाली पाणी उपसायचं इंजिन धडधडत असतं, वर क्रेनचं. हाक पोचत नाही. म्हणून एक बारीक नायलॉनची दोरी खाली सोडलेली असते. इशाऱ्याची दोरी. तिचं एक टोक खालच्या माणसाच्या हाताशी, दुसरं वरच्याच्या बोटाला गुंडाळलेलं. खालून एक ओढ आली की थांब. दोन आल्या की वर घे. वरून उलट एक ओढ गेली की समजलं. बाकी भाषा नाही.

आणि ती दोरी परक्याच्या बोटाला बांधायची नाही, हा त्या धंद्यातला रिवाज. खाली पुतण्या तर वर चुलता. खाली मेव्हणा तर वर दाजी. मिस्तरींच्या क्रेनवर खाली उतरायचा तो सांडू, द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ. चौदा वर्षं तो खाली उतरला आणि चौदा वर्षं वर आला. फुलंब्रीपासून वेरूळपर्यंत लोक म्हणायचे, बद्रीनाथच्या बोटाला कान हाय.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी दोघांचं वाजलं. कारण क्रेनवरची पाटी. नवा रंग देताना सांडू म्हणाला, पाटीवर माझंबी नाव पाहिजे.

"क्रेन कोणाची?" मिस्तरी म्हणाले.

"वर बसतो त्याचं नाव, आन् खाली उतरतो तो कोण? डोल?"

"उतरू नको मंग."

"उतरतो ना. मी उतरतो म्हणून तर तुम्ही वर हायेत."

"मंग खालीच राहा!" मिस्तरी म्हणाले.

आणि त्या दुपारी सांडू खरंच खाली राहिला. झरा फुटला. उपसायच्या इंजिनाला पाणी आवरेना. सांडूनं दोरी ओढली. वर मिस्तरी ब्रेकवर बसलेले, बोटाला दोरी गुंडाळलेली, नजर समोरच्या तुरीच्या रानात. तुरीला फुलं आलेली होती, एवढं त्यांना आठवतं. भाकरी घेऊन द्वारकाबाई आल्या, सहज विहिरीत वाकल्या, तेव्हा पाणी सांडूच्या छातीला लागलेलं. बाहेर काढला तर ओठ जांभळे, दात वाजत होते. तो मिस्तरींकडे बघत होता.

मिस्तरींनी बोटावरची दोरी सोडली. बोटाला निळा खड्डा पडला होता. दोरी इतकी काचली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता.

डॉक्टर म्हणाले, साखर आहे, केव्हाची असेल कोण जाणे, हातापायाच्या नसा गेल्यात. "परत येतील?" मिस्तरींनी विचारलं. "आहे तेवढं सांभाळा," डॉक्टर म्हणाले. मिस्तरींनी मान हलवली, कोणी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी.

आठवड्यात क्रेन कन्नडच्या एका माणसाला विकली. का विकली हे कोणालाच सांगितलं नाही. मग घराच्या पुढच्या पत्र्याखाली ग्रिल आणि गेटं करू लागले. द्वारकाबाई रंगाचा डबा पालथा घालून शेजारी बसत. गल्लीला वाटायचं, बाईंना घरात करमत नाही. खरं तर नट आट्यावर बरोबर चढला का, कड घासून गुळगुळीत झाली का, हे बघणारी बोटं त्यांची होती. मिस्तरींनी वस्तू पुढं करायची, बाईंनी चाचपायची, "हं" म्हणायचं. दिवसाला पन्नास हं.

सांडू भाऊबीजेला यायचा. आक्काकडून ओवाळून घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून जेवायचा, जायचा. दाजींशी सहा वर्षं शब्द नाही. मिस्तरींनाही त्याचं काही वाटत नव्हतं, असं निदान दिसत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सांडू जीप घेऊन गल्लीत आला. जुनी, उघडी, डिझेलवरची, चारही चाकांना जोर असलेली. आता हाच त्याचा धंदा होता. पावसात काळ्या मातीत रुतलेले टेम्पो, म्हैसमाळच्या वळणावरून घसरलेल्या शहरातल्या लोकांच्या गाड्या ओढून काढायच्या. जीपमध्ये लाकडी खोका होता.

"आक्का, दाजी हायेत का?"

"समोर तर बसलेत."

"मला तिकडचं दिसत नाय. त्यांना इचार, काढता-घालता येणारी विंच बसवून मिळंल का."

"मला ऐकू येतं," मिस्तरी म्हणाले.

"ऐकू येतं म्हणं, आक्का. बरं झालं. तेवढं तरी येतं."

द्वारकाबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "च्या टाकू का?"

"त्यांना इचार," सांडू म्हणाला.

खोक्यात बॅटरीवर चालणारी विंच होती. लोखंडी रिळावर गुंडाळलेला करंगळीएवढा वायररोप, शेवटाला हूक. आधी दुसऱ्या एका वेल्डरनं ती बंपरलाच चिकटवून दिली होती. पहिलाच टेम्पो ओढताना बंपर उपटून आला.

"दाढेसारखा," सांडू आक्काला सांगत होता. "रस्त्यावर बंपर, बंपरवर विंच, आन् टेम्पो तिथंच. टेम्पोवाला मलाच म्हणतो, भाऊ, तुला ओढायला कोणाला बोलवू?"

मिस्तरी जीपखाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग आवाज आला, "बंपरला जोर नसतो. जोर चेसीला. पुढं एक चौकोनी नळा बसवू, मागं एक. विंचीच्या पाटाला चौकोनी दांडा. दांडा नळ्यात सारायचा, आडवी पिन घालायची, पिनीला चिमटा. पाहिजे तवा पुढं, पाहिजे तवा मागं, आन् रात्री काढून घरात."

"हां. रात्री गल्लीतून चोरच नेतेत," सांडू म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की तो थेट बोलला. "आक्का, त्यांना सांग, चालंल म्हणावं."

चार दिवस काम चाललं. मिस्तरींनी चेसीला जाड पट्ट्या नटबोल्टनं आवळल्या, त्यांना नळे जोडले, कोपऱ्यांत तिकोनी तुकडे भरले. बॅटरीपासून पुढं आणि मागं अंगठ्याएवढी जाड केबल नेली, दोन्हीकडे मोठे प्लग, मध्ये एक बंद करायचा खटका. डोळ्यांनी होण्यासारखं होतं ते सगळं ते एकटे करत. पिन पाच सुताची, बोटाएवढी जाड. ती भोकातून सरळ गेली, पलीकडं निघाली, चिमटा खाचेत बसला, हे बोटाला कळायचं काम. तिथं द्वारकाबाई वाकायच्या.

"आक्का कशाला? तिचं काय काम?" सांडूनं विचारलं.

"माझ्या भावाची जीप हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "बघू नको का मी?"

तिसऱ्या दिवशी मिस्तरींनी नळ्याला वेल्डिंगचा टाका मारला, डोळ्यांपुढची काच बाजूला केली आणि नळा उचलला. ताजा टाका. दोन क्षण काहीच झालं नाही. मग वास आला.

"आवं!" द्वारकाबाईंनी ओल्या फडक्यानं त्यांच्या हातावर फटका मारला. नळा खाली पडला. तळहाताला पांढरा पट्टा उठला होता. मिस्तरी त्याच्याकडे बघत राहिले, ग्रिलचं माप घेताना बघतात तसे.

सांडू चहाचा कप धरून उभा होता.

"तापलेलं लोखंड धरलं तरी माणूस हूं की चूं नाय. आक्का, कशाचं केलंय गं ह्यांना?"

"जुना माल हाय," मिस्तरी म्हणाले. "आता येत नाय तसा."

सांडूला हसू आलं होतं. त्यानं ते चहाबरोबर गिळलं.

पाचव्या दिवशी सकाळी तिघं दौलताबादच्या अलीकडं एका बंद खदानीवर गेले. विंच जोर काढून बघायला. शेजारी दुसऱ्या खदानीत क्रशर चालू होतं, दगड भरडायचा आवाज दातात जात होता. द्वारकाबाईंनी डबा घेतला होता. डबा हे निमित्त.

खदानीच्या तळाशी एक मोडकी ट्रॉली वर्षानुवर्षं पडून होती. सांडूनं जीप काठापासून दहा पावलं मागं, खदानीकडे पाठ करून लावली, चाकं सरकू नयेत म्हणून दगडांची उटी दिली. विंच मागच्या नळ्यात सारली. द्वारकाबाईंनी पिन चाचपली, चिमटा चाचपला. "हं." मिस्तरींनी वायररोप सोडला, सांडू त्याचा हूक खाली ट्रॉलीला अडकवून आला. रिळावर पाच वेढे राहिलेत हे मिस्तरींनी बघितलं, आणि ओलं गोणपाट वायररोपवर टाकलं. तुटला तर उसळून तोंडावर येऊ नये म्हणून. विहिरीवरची जुनी सवय. जीपचं इंजिन चालूच ठेवायचं होतं, नाही तर बॅटरी उतरली असती.

मग सांडूनं सीटखालून बारीक नायलॉनच्या दोरीचं वेटोळं काढलं.

द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या.

"ट्रॉली भिंतीला अडलेली हाय," सांडू म्हणाला. "मी पहार घालून वळवणार. म्हंजी मी ट्रॉलीच्या आन् भिंतीच्या मधी. वरून मी दिसणार नाय. क्रशरपायी ऐकूबी येणार नाय." त्यानं दोरीचं टोक पुढं केलं, या वेळी थेट दाजींपुढं. "जुनंच. एकाला थांब, दोनाला ओढा."

एक ओढ जर वरच्याला कळली नाही, तर सांडू ट्रॉलीच्या आणि दगडाच्या मध्ये चेपणार होता. हे तिघांनाही माहीत होतं. कळणार नाही हे दोघांनाच.

"आण इकडं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी धरते."

"तू नाय आक्का. दाजी."

"मी धरते म्हणते ना! त्यांच्या हातात ते विंचीचं बटन हाय—"

"एका हातात बटन, एका हातात दोरी. चौदा वर्षं धरली." सांडू मिस्तरींच्या डोळ्यात बघत होता. "का नाय धरणार?"

मिस्तरींनी दोरी घेतली. उजव्या हाताच्या बोटाला दोन वेढे दिले. सवयीनं दिले. सांडू खाली उतरायला वळला. पाच-सहा पावलं गेला. दोरी त्याच्या मागं सरपटत गेली, ताठ झाली. मिस्तरींनी बोटाकडे पाहिलं. दोरी ताठ होती हे दिसत होतं. दुसरं काही नव्हतं.

"सांडू."

सांडू थांबला.

"मला कळत नाय."

"काय कळत नाय?"

"दोरी." मिस्तरींनी हात वर केला. तळहातावर परवाचा फोड पिकला होता. "बोटं मेलीत. साखरेनं. तू ओढलंस तरी मला कळणार नाय."

क्रशर चालू होतं. सांडू परत आला. त्यानं मिस्तरींचं बोट धरलं आणि नखाखाली आपलं नख रुतवलं. जोरात. मिस्तरींचा चेहरा हलला नाही.

"कवापासून?"

"आधीपासून आसंल. कळलं त्या दिशी. फुलंब्रीच्या विहिरीवर."

सांडू बराच वेळ दोरीचं टोक उलगडत-गुंडाळत राहिला.

"अकरादा ओढली मी."

"आक्का म्हणली दोन-तीनदा—"

"आक्काला काय म्हाईत? आक्का होती का खाली? अकरा. मोजली मी. दुसरं काय काम होतं मला तिथं?"

"मला एकबी नाय कळली."

"तुम्ही सकाळी म्हणले होते, खालीच राहा."

"म्हणलो होतो."

"मला वाटलं—"

"तुला काय वाटलं ते मला म्हाईत होतं."

"मंग बोलले का नाय?" सांडूचा आवाज पहिल्यांदा चढला. "सहा वर्षं! सहा वर्षं मी भिंतीकडं तोंड करून जेवतोय, दाजी! आक्काच्या घरातल्या त्या भिंतीचा कोपरा न् कोपरा पाठ झाला मला!"

मिस्तरींनी विचार केला. खरंच विचार केला, उत्तर कुठं ठेवलंय ते शोधावं तसा.

"बोललो आसतो तर गावोगाव झालं आसतं, बद्रीनाथचा हात गेला. नाय बोललो, तर नुसता वाईट माणूस झालो. वाईट माणसाला काम मिळतं, सांडू. हात गेलेल्याला मिळत नाय."

"आन् मी?"

"तुझं..." मिस्तरी थांबले. "तुझं वाईट वाटायला पाहिजे होतं. पण मला कायच वाटंना. हातापुरतं राहिलं नाय ते. मंग वाटंना तर बोलावं कसं?"

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मला सांगताना त्या म्हणाल्या, मी रडत नव्हते, धूळ होती.

सांडूनं खिशातून दस्ती काढली. लाल चौकड्याचा घामट रुमाल. मिस्तरींच्या बोटावरची दोरी सोडली, जीपच्या आरशाच्या दांडीवरून घेतली आणि त्या टोकाला एक दगड बांधून तो खाली लोंबता सोडला. दोरी त्याच्या वजनानं ताठ राहिली. आरसा आणि दगड यांच्या मध्ये त्यानं दस्ती बांधली.

"मी ओढलं की ही वर उडंल. बघा." त्यानं ओढून दाखवलं. दस्ती उडाली, खाली आली. "डोळे तरी हायेत ना? का तेबी दिले कन्नडवाल्याला, क्रेनसंग?"

"हायेत."

"तुरीच्या रानात बघायचं नाय. इथं बघायचं."

"तुला कसं म्हाईत मी तुरीकडं बघत होतो?"

"चौदा वर्षं तुम्ही कुठं बघता ते मला म्हाईत हाय," सांडू म्हणाला, आणि पहार घेऊन उतरला.

मिस्तरी जीपच्या बाजूला उभे राहिले. दोन्ही हातांत विंचीचं बटन धरलं, पडू नये म्हणून. दस्तीवर नजर. द्वारकाबाई मागं उभ्या. दस्ती दोनदा उडाली. मिस्तरींनी बटन दाबलं. विंच कण्हली, वायररोप रिळावर चढू लागला, जीप मागच्या चाकांवर बसली. नळा हलला नाही. पिन हलली नाही. दस्ती एकदा उडाली. मिस्तरींनी बोट उचललं. सगळं थांबलं. खाली पहारीची ठणठण. पुन्हा दोन. पुन्हा एक. असं अर्धा तास. मिस्तरींनी त्या अर्ध्या तासात पापणी लववली नाही, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायलाही त्यांनी हात काढला नाही.

ट्रॉली काठावर आली. गंजलेली, एक चाक गेलेलं, आत बाभळीचं रोप उगवलेलं. द्वारकाबाईंनी तिच्या उरलेल्या चाकाला दगड लावला. मिस्तरींनी खटका बंद केला, बटन सीटवर ठेवलं.

दस्ती उडाली.

"आता काय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "ट्रॉली तर आली."

पुन्हा उडाली. पुन्हा. थांबून थांबून, एकसारखी. द्वारकाबाई आपोआप मोजायला लागल्या. चार. पाच. मिस्तरी दस्तीसमोर उभे होते. सातव्याला त्यांनी तोंडातल्या तोंडात मोजायला सुरुवात केली. नऊ. दहा.

अकरा.

मग दस्ती लोंबत राहिली.

मिस्तरींनी दोरी हातात घेतली आणि एकदा ओढली. समजलं. त्यांच्या बोटांना त्यातलं काहीच कळलं नाही. पण दस्ती या वेळी उलट्या बाजूला गेली, ते त्यांनी बघितलं.